संगणक तुमची पातळी कशी तोलतो: जीमॅट आणि जीआरईच्या गुणपद्धतीची नवख्यांसाठी ओळख

शाळेपासून आपल्याला गुणांचा एकच हिशेब ठाऊक असतो. बरोबर उत्तरांचे गुण मिळवायचे, चुकलेली सोडून द्यायची आणि खाली बेरीज मांडायची. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची जीमॅट किंवा पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई देणारा विद्यार्थी हाच हिशेब मनात घेऊन संगणकासमोर बसतो, त्यामुळे परीक्षा चालू असताना तो चुकीचे निर्णय घेतो आणि निकाल लागल्यावर त्याचा अर्थही चुकीचा लावतो. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या सांगलीच्या एका विद्यार्थिनीला गणिताच्या विभागात शेवटपर्यंत एकामागून एक अवघड प्रश्न येत राहिले. त्यांतले निम्मे तरी चुकले असणार अशी तिची खात्री झाली होती, आणि मध्यंतराच्या दहा मिनिटांत परीक्षा अर्ध्यावर सोडून घरी जावे असा विचार तिने केला होता, हे तिने मला नंतर सांगितले. सुदैवाने ती आत परत गेली. तिचे गणिताचे गुण तिच्या सगळ्या सराव परीक्षांपेक्षा चांगले आले. हे असे का होते हे तिला आधी कोणी समजावून सांगितले असते, तर ती दहा मिनिटे तिने पाणी पिऊन शांतपणे काढली असती. हा लेख त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: आपली परीक्षा कोणत्या जातीची आहे ते ओळखा

संगणकावर घेतलेली प्रत्येक परीक्षा उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलणारी, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह नसते. आपल्याकडे हा घोळ नावापासूनच सुरू होतो, कारण ‘कॉम्प्युटर अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट’ या शब्दांची आद्याक्षरे घेतली की ‘कॅट’ होते, आणि आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेचे नावही कॅटच आहे. प्रत्यक्षात आयआयएमची कॅट अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. एका सत्रात बसलेल्या सर्वांना तेच प्रश्न असतात, आणि निरनिराळ्या सत्रांतील पेपर कमी-अधिक अवघड असल्याने गुणांचे नंतर सामान्यीकरण केले जाते, म्हणजे ते एकाच पातळीवर आणले जातात. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन यांचाही प्रकार हाच. या परीक्षांत तुमच्या उत्तरांमुळे पुढचा प्रश्न बदलत नाही.

जीमॅटमध्ये तो बदलतो. ही परीक्षा १९९७ पासून प्रश्नागणिक जुळवून घेणारी आहे. जीआरईत तो विभागागणिक बदलतो, म्हणजे पहिला विभाग पूर्ण झाल्यावर दुसरा विभाग सोपा द्यायचा की अवघड, ते ठरते. मुंबईच्या नरसी मोनजी संस्थेसह अनेक भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी एनमॅटही अ‍ॅडॅप्टिव्ह आहे, आणि तिच्यात मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. हैदराबादची आयएसबी किंवा आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा अभ्यासक्रम यांसाठी जीमॅट देणारे अनेक मराठी विद्यार्थी कॅटची तयारी करून आलेले असतात, आणि तिथल्या सवयी इथे तशाच चालवू पाहतात. कॅटमध्ये अवघड प्रश्न सोडून पुढे जाणे हे शहाणपण असते. जीमॅटमध्ये उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न पडद्यावर येतच नाही.

दुसरी पायरी: रद्दीवाल्याचा तराजू डोळ्यांसमोर आणा

जुन्या पद्धतीचा तराजू घेऊन येणारा रद्दीवाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा कसा तोलतो ते आठवा. एका पारड्यात गठ्ठा ठेवून तो दुसऱ्यात पाच किलोचे वजन टाकतो. गठ्ठ्याचे पारडे उचलले गेले, तर पाच किलो जास्त झाले हे त्याला कळते, आणि तो ते काढून दोन किलोचे ठेवतो. तेवढ्याने पारडे हलले नाही, तर एक किलो आणखी. प्रत्येक वेळी आधीच्या झुकावावरून तो पुढचे वजन निवडतो, आणि शेवटी काटा मध्यावर थरथरू लागतो तिथे थांबतो. पन्नास ग्रॅमच्या वजनापासून सुरुवात करून सगळी मापे क्रमाने टाकून पाहण्याची गरज त्याला पडत नाही.

अ‍ॅडॅप्टिव्ह परीक्षेत गठ्ठा म्हणजे तुमची क्षमता आणि वजने म्हणजे प्रश्न. सुरुवातीला साधारण मध्यम काठिण्याचा प्रश्न येतो. तो बरोबर आला की पुढचा थोडा अवघड येतो, चुकला तर थोडा सोपा. काही प्रश्नांनंतर संगणक तुम्हाला अशा ठिकाणी आणून ठेवतो, जिथे प्रश्न तुम्हाला जेमतेम सुटतात किंवा जेमतेम चुकतात. तुमच्याविषयीची खरी माहिती तिथेच मिळते. फारच सोपा प्रश्न बरोबर आला किंवा फारच अवघड प्रश्न चुकला, तर त्यातून संगणकाला नवे काहीच कळत नाही, जसे पाव किलो गठ्ठ्यासमोर वीस किलोचे वजन ठेवल्याने रद्दीवाल्याला काही कळत नाही.

ही कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांसाठी जी बुद्धिमापन चाचणी तयार केली, तिच्या वापरात परीक्षक समोरच्या मुलाची उत्तरे पाहूनच पुढच्या किंवा मागच्या वयाच्या प्रश्नांकडे वळत असे. त्याच चाचणीची मराठी आणि कानडी मुलांसाठीची आवृत्ती डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तयार केली होती. संगणकाने या कामात वेग आणि गणिती काटेकोरपणा आणला.

तिसरी पायरी: दोन उत्तरांचा हिशेब कागदावर करून पाहा

तराजूची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. वजन खोटे बोलत नाही, पण माणूस येत असलेला प्रश्न चुकतो आणि न येणारा तुक्क्याने बरोबर सोडवतो. म्हणून संगणक ‘हो’ किंवा ‘नाही’ असा निकाल न लावता शक्यता मोजतो. हे समजण्यासाठी खालचे छोटे उदाहरण पेन्सिल हातात घेऊन सोडवा. त्यातले आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण पद्धत खरी आहे.

समजा, तीनशे विद्यार्थी आहेत: शंभर कच्चे, शंभर मध्यम आणि शंभर पक्के. तुम्ही त्यांतले कोण आहात हे संगणकाला माहीत नाही. पहिला प्रश्न मध्यम काठिण्याचा आला. असा प्रश्न कच्च्यांपैकी ४०, मध्यमांपैकी ६० आणि पक्क्यांपैकी ८० जण बरोबर सोडवतात. तुमचे उत्तर बरोबर आले, म्हणजे तुम्ही या १८० जणांपैकी एक आहात. तुम्ही पक्के असण्याची शक्यता आता १८० पैकी ८०, म्हणजे सुमारे ४४ टक्के झाली. पहिल्या प्रश्नाआधी ती ३३ टक्के होती.

आता दुसरा प्रश्न अवघड आला आणि तो चुकला, असे धरा. अवघड प्रश्न कच्च्यांपैकी ७० टक्के, मध्यमांपैकी ६० टक्के आणि पक्क्यांपैकी ४० टक्के लोक चुकवतात. म्हणजे उरलेल्या १८० जणांतून २८ कच्चे, ३६ मध्यम आणि ३२ पक्के तुमच्यासोबत राहिले. एकूण ९६. मध्यम असण्याची शक्यता सर्वांत जास्त, पण पक्के असण्याची शक्यताही अजून ३३ टक्के आहे. अवघड प्रश्न चुकल्याने तुमचे फारसे बिघडलेले नाही.

याउलट, विषयांचा समतोल राखण्यासाठी म्हणा, दुसरा प्रश्न सोपा आला आणि तो घाईत चुकला, असे धरा. सोपा प्रश्न कच्च्यांपैकी ४० टक्के, मध्यमांपैकी २० टक्के आणि पक्क्यांपैकी केवळ १० टक्के चुकवतात. आता तुमच्यासोबत १६ कच्चे, १२ मध्यम आणि ८ पक्के उरले. एकूण ३६. तुम्ही कच्चे असण्याची शक्यता एकदम ४४ टक्क्यांवर गेली आणि पक्के असण्याची २२ टक्क्यांवर उतरली.

दोन्ही वेळा एक उत्तर बरोबर आणि एक चूक होते. बेरजेच्या हिशेबात दोन्ही विद्यार्थी सारखेच. संगणकाच्या हिशेबात मात्र ते पार निराळे आहेत, कारण तो किती प्रश्न बरोबर आले यापेक्षा कोणते बरोबर आले आणि कोणते चुकले हे पाहतो. या लेखातले एवढे एक जरी पक्के लक्षात राहिले, तरी बाकीच्या सूचना तुम्हाला पाठ कराव्या लागणार नाहीत.

चौथी पायरी: प्रश्नाच्या अंगचे तीन गुण समजून घ्या

या पद्धतीमागच्या शास्त्राला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश आणि अमेरिकेतील ईटीएस या परीक्षासंस्थेत काम करणारे फ्रेडरिक लॉर्ड यांचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे. तिच्या प्रचलित रूपात प्रत्येक प्रश्नाला तीन आकडे चिकटवलेले असतात. प्रश्न किती अवघड आहे, हा पहिला. पक्का आणि कच्चा यांच्यातला फरक तो किती चांगला दाखवतो, हा दुसरा. अजिबात न येणाऱ्याला तो तुक्क्याने किती वेळा साधतो, हा तिसरा. हे आकडे ठरवण्यासाठी नवा प्रश्न आधी खऱ्या परीक्षेतच, पण गुण न धरता, हजारो विद्यार्थ्यांसमोर ठेवला जातो. म्हणजे तुमच्या जीमॅटमध्येही असे काही प्रश्न असतात, आणि ते कोणते हे तुम्हाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

पाच पर्यायांच्या प्रश्नात निव्वळ तुक्क्याने बरोबर येण्याची शक्यता २० टक्के धरली, तर नेमक्या तुमच्या पातळीचा प्रश्न तुम्हाला सुटण्याची शक्यता या गणितात सुमारे ६० टक्के निघते. उत्तम विद्यार्थ्यालाही तेच, कारण त्याच्यासमोर त्याच्या पातळीचे प्रश्न येतात. सांगलीच्या त्या विद्यार्थिनीला ‘निम्मे चुकले’ असे वाटत होते ते यामुळेच. ते चुकणे हा परीक्षेने तिला वरच्या पातळीवर नेऊन ठेवल्याचा परिणाम होता.

पाचवी पायरी: जीमॅटच्या गुणपत्रिकेतले आकडे वाचा

सध्याची जीमॅट ७ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘फोकस एडिशन’ या नावाने सुरू झाली. जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आजच्या परीक्षेत क्वांटिटेटिव्हचे (म्हणजे गणिताचे, थोडक्यात ‘क्वांट’) २१, व्हर्बलचे (इंग्रजी भाषेचे) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते आणि आलेख वाचून उत्तर देण्याचे) २० प्रश्न असतात, आणि प्रत्येक विभागाला ४५ मिनिटे मिळतात. विभागांचा क्रम तुम्हीच निवडता. प्रत्येक विभागाला ६० ते ९० यांमधले गुण मिळतात, आणि तिन्ही विभाग सारख्याच वजनाने धरून एकूण गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर दिले जातात. ही पट्टी दहा-दहाने चढते, त्यामुळे नव्या परीक्षेचा प्रत्येक एकूण गुण पाचवर संपतो. कोणी तुम्हाला ‘माझे ७०० आले’ असे सांगितले, तर ते जुन्या परीक्षेचे आहेत हे लगेच ओळखता येते. जुन्या ७०० च्या तोडीचा नवा गुण साधारण ६४५ आहे. नव्या परीक्षेचे ६४५ पाहून घरच्यांनी नाराज होण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत, आणि ती नाराजी निव्वळ पट्ट्यांच्या गल्लतीतून आलेली होती.

तिन्ही विभागांत ८० गुण मिळाले तर एकूण ६०५ होतात. एखाद्या विभागात एक गुण वाढला तर एकूण पट्टीवर सरासरीने सहा-सात गुणांचा फरक पडतो. म्हणून ज्या विभागात तुम्ही आधीच ८८ वर आहात तिथे महिनाभर घासत बसण्यापेक्षा ७४ वर अडकलेला विभाग हाती घेणे शहाणपणाचे ठरते. गणितात चांगली असलेली आपली मुले डेटा इनसाइट्सला पाहुण्यासारखी वागवतात, आणि तिथेच त्यांचे गुण जातात. या विभागातल्या काही प्रश्नांना दोन किंवा तीन भाग असतात, आणि सर्व भाग बरोबर आल्याशिवाय त्या प्रश्नाचे काहीच श्रेय मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सहावी पायरी: परीक्षेत कसे वागायचे ते या गणितावरून ठरवा

आलेला प्रश्न सोपा वाटला म्हणून ‘मागचा चुकला वाटते’ असा तर्क करू नका. तो गुण न धरलेला प्रश्न असेल, विषयांच्या वाटणीत आलेला असेल, किंवा तुमची त्या विषयाची तयारी चांगली असेल. तुम्हाला सोपा वाटणारा प्रश्न इतरांना अवघड जातो असेही अनेकदा असते. त्याकडे पाहून स्वतःचे मूल्यमापन करण्यात घालवलेली मिनिटे वाया जातात. सोपा वाटणारा प्रश्न दुप्पट काळजीने सोडवा, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा. तिसऱ्या पायरीतला हिशेब त्याचसाठी मांडला आहे.

पहिल्या दहा प्रश्नांवरच सगळे ठरते, अशी समजूत वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती जन्मली कशी हे समजण्यासारखे आहे: सुरुवातीला संगणकाजवळ माहिती थोडी असते, त्यामुळे प्रत्येक उत्तराने त्याचा अंदाज मोठ्या ढांगा टाकतो, आणि पुढे पावले लहान होत जातात. पण सुरुवातीच्या ढांगा दुरुस्त करण्याची संधी नंतरच्या प्रत्येक प्रश्नात असते. पहिल्या दहा प्रश्नांवर तीस मिनिटे खर्च करणाऱ्याच्या हाती क्वांटच्या उरलेल्या ११ प्रश्नांसाठी १५ मिनिटे राहतात. तिथे ओळीने चुकलेली उत्तरे आधी मिळवलेले सगळे खाली खेचतात.

त्याहून मोठे नुकसान विभाग अपुरा राहिल्याने होते. जीमॅटमध्ये चुकलेल्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, पण न पोचलेल्या प्रश्नांसाठी दंड बसतो. म्हणून क्वांटमध्ये प्रश्नामागे दोन मिनिटांच्या थोडे वर, व्हर्बलमध्ये दोन मिनिटांच्या किंचित खाली आणि डेटा इनसाइट्समध्ये सव्वादोन मिनिटे, हे माप अंगवळणी पाडा. एखादा प्रश्न तीन मिनिटे होऊनही पुढे सरकत नसेल, तर अशक्य वाटणारे पर्याय खोडून उरलेल्यांतून एक निवडा आणि पुढे चला. अंदाजपंचे उत्तर द्यावे लागणे ही नामुष्की नाही, कारण संगणक मुद्दामच तुम्हाला न सुटणाऱ्या प्रश्नांच्या सीमेवर नेत असतो.

नव्या परीक्षेत एक सवलत आहे, जी जुन्या पुस्तकांतून शिकणाऱ्यांना माहीत नसते. विभागातले सगळे प्रश्न झाल्यावर वेळ उरला असेल तर कोणताही प्रश्न पुन्हा पाहता येतो आणि जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. शंका वाटेल तिथे खूण करण्याची सोय आहे, पण प्रत्येक प्रश्नावर खूण केली तर शेवटी कुठे परतायचे हेच कळत नाही. जिथे पद्धत माहीत होती पण आकडेमोडीची खात्री नव्हती, अशाच प्रश्नांवर खूण करा. अजिबात न उमगलेल्या प्रश्नाकडे शेवटच्या दोन मिनिटांत परत जाऊन सहसा काही हाती लागत नाही.

सातवी पायरी: जीआरई देत असाल तर हे बदल करा

२२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आटोपशीर झाली असून ती १ तास ५८ मिनिटांत संपते. आधी अर्ध्या तासाचा एक निबंध. त्याचे गुण शून्य ते सहा या पट्टीवर, अर्ध्या-अर्ध्याने, वेगळे दिले जातात. मग व्हर्बलचे दोन विभाग, अनुक्रमे १२ आणि १५ प्रश्नांचे, आणि क्वांटचेही तसेच दोन. दोन्ही विषयांचे गुण १३० ते १७० या पट्टीवर, एकेकाने चढणारे.

इथे पहिला विभाग सर्वांना साधारण मध्यम काठिण्याचा असतो, आणि तो कसा गेला त्यावरून दुसऱ्याचे काठिण्य ठरते. विभागाच्या आत मात्र प्रश्न बदलत नाहीत, सगळ्या प्रश्नांचे वजन सारखे असते, प्रश्न सोडून पुढे जाता येते आणि परत येता येते. म्हणजे कॅटमधली ‘सोपे आधी, अवघड नंतर’ ही सवय जीआरईत उपयोगी पडते. बरोबर उत्तरांची बेरीज होते, आणि दुसरा विभाग किती अवघड होता हे जमेस धरून तिचे अंतिम गुणांत रूपांतर होते, त्यामुळे अवघड विभागातली तेवढीच बरोबर उत्तरे सोप्या विभागातल्यांपेक्षा जास्त गुण देतात. चुकीला दंड नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. पहिल्या विभागात शेवटची तीस सेकंदे फक्त कोरे प्रश्न भरण्यासाठी राखून ठेवा.

आठवी पायरी: पर्सेंटाइल गुणांच्या शेजारी ठेवून वाचा

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. अलीकडच्या काळात परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी नव्वद जण तुमच्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जीआरईत क्वांटचे १६५ आणि व्हर्बलचे १६५ दिसायला सारखे असले तरी व्हर्बलचा पर्सेंटाइल बराच वरचा असतो, कारण अभियांत्रिकीकडे जाणारे असंख्य परीक्षार्थी क्वांटमध्ये वरच्या टोकाला दाटी करतात. जीमॅटमध्ये डेटा इनसाइट्सचे ८० हे क्वांटच्या ८० पेक्षा दुर्मीळ आहेत. म्हणून एका विभागाचे गुण दुसऱ्या विभागाच्या गुणांशी थेट ताडून ‘यात मी मागे आहे’ असे ठरवू नका. आधी पर्सेंटाइल पाहा. हे तक्ते परीक्षासंस्था वेळोवेळी बदलतात, त्यामुळे मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवरचा पर्सेंटाइल आज त्याच गुणांना लागू असेलच असे नाही.

आणि रद्दीवाल्याच्या काट्याची थरथर विसरू नका. प्रत्येक गुण हा अंदाज असतो, आणि त्याभोवती थोडी मागे-पुढे होण्याची जागा असते. आज ६३५ आणि तीन आठवड्यांनंतर ६४५ आले तर तुमची क्षमता वाढली असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि ६२५ आले तर ती घटली असाही नाही. दहा गुणांसाठी पुन्हा परीक्षेचे शुल्क भरावे की नाही हे ठरवताना हा विचार आधी करावा.

नववी पायरी: सराव परीक्षा कोणत्या आणि कशा

छापील प्रश्नसंच अभ्यासासाठी उत्तम आहेत, पण त्यातल्या बरोबर उत्तरांची टक्केवारी काढून जीमॅटच्या गुणांचा अंदाज बांधू नका, कारण त्यात जुळवून घेणे नाही. शिकवणी वर्गांच्या सराव परीक्षा स्वतःच्या सूत्राने गुण देतात. त्यांचा उपयोग वेळेचे माप बसवण्यासाठी करावा, गुणांच्या भाकितासाठी नव्हे. खऱ्या प्रश्नपेढीवर आणि खऱ्या गुणपद्धतीवर चालणाऱ्या दोन सराव परीक्षा जीमॅट घेणारी संस्था मोफत देते. जीआरईसाठी पॉवरप्रेप नावाने, ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्याही दोन मोफत मिळतात. एक तयारीच्या सुरुवातीला आणि दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी द्या, आणि दोन्ही वेळा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण वेळ लावून, एका बैठकीत.

सराव परीक्षा झाल्यावर एका वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात घाईने चुकलेले सोपे प्रश्न, दुसऱ्यात पद्धत माहीत नसल्याने चुकलेले, तिसऱ्यात वेळेअभावी अंदाजाने सोडलेले. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पहिला रकाना जवळजवळ नेहमीच त्यांच्या अपेक्षेपेक्षा लांब निघतो. अभ्यासाची सुरुवात त्याच रकान्यापासून करा, आणि प्रत्येक प्रश्नासमोर चूक नेमक्या कोणत्या ओळीत झाली तेवढे लिहा: वजा चिन्ह सुटले, ‘किमान’ ऐवजी ‘कमाल’ वाचले, एकक बदलले नाही.